मूठभर जोंधळ्याची बरकत : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन आणि आपण

वाचकहो, सातारा, कराड, तासगाव, वाळवा या भागातील आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या शाळेचे नाव विचारून पाहा. बागवान असोत, आतार असोत, शिकलगार असोत वा मुजावर, त्यांच्यापैकी अनेक जण 'रयत'चे नाव घेतील. आज आपल्या मुली ज्या विद्यालयांत आणि महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांतील कित्येक याच रयत शिक्षण संस्थेची आहेत. ज्या झाडाची फळे आपण इतकी वर्षे खात आलो, ते कोणी लावले आणि त्याला पाणी कोणी घातले, हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे. माणसांच्या उपकाराची जाण नसलेला मनुष्य अल्लाहचाही कृतज्ञ होऊ शकत नाही, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच आपल्याला दिली आहे.

इस्लामी शिकवणुकीच्या मासिकात एका जैन कुटुंबात जन्मलेल्या व्यक्तीचे चरित्र कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. त्यांनी 'हिल्फुल फुजूल' आठवावा. मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही मंडळी एकत्र जमली आणि अन्याय झालेल्याला, मग तो कोणत्याही टोळीचा असो, त्याचा हक्क मिळवून देण्याचा करार त्यांनी केला. त्या करारात प्रेषित (स.) तरुणपणी सहभागी होते. पुढे प्रेषित्व लाभल्यानंतरही त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि पुन्हा तसे बोलावणे आले तर आपण जाऊ, असे सांगितले. भलाई कोणाच्याही हातून घडो, मुस्लिमाने तिची कदर केली पाहिजे आणि तिच्यापासून शिकले पाहिजे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. त्या काळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून भाऊरावांच्या कार्याचा विचार करताना हे दोन्ही जिल्हे एकच समजावेत. कृष्णाकाठचा हा सारा मुलूख त्यांची कर्मभूमी होता.

वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये ठेवण्यात आले. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते आणि निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्याचा मोठा उद्योग चालू होता. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या एका समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची सक्ती झाली, ती त्यांनी नाकारली आणि त्यापायी बोर्डिंग सोडावे लागले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरातील एका खटल्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. खोट्या साक्षीला आपल्या धर्माने मोठ्या पापांत गणले आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

संसारासाठी भाऊरावांनी अनेक कामे केली. काही काळ शिकवण्या केल्या. ओगले यांच्या काच कारखान्याचे काम केले. किर्लोस्करवाडीत तयार होणारे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी हात लावला. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्या घरची भाकरी खातो आणि त्याच्या दारिद्र्याचे कारणही जवळून पाहतो. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी कागदावर अंगठा उठवतो आणि आपली जमीन गमावतो, हे त्या काळातील खेड्यांत रोजचे दृश्य होते. ज्ञानाविना रयतेची सुटका नाही, हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे म्हणणे भाऊरावांच्या मनात याच भटकंतीत घट्ट रुजले असेल, तर त्यात नवल नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. त्या काळी वसतिगृहे होती, पण बहुतेक एकेका जातीची. इथे मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशी सर्व मुले एका पंक्तीत जेवत आणि एका छपराखाली झोपत. मशिदीच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या उम्मतला या पंक्तीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यांत ही किती कठीण गोष्ट होती, हे ध्यानात घ्यावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या मुलांना रोज दोन वेळा खायला कुठून घालायचे? भाऊराव जमीनदार नव्हते, व्यापारी नव्हते. त्यांच्या पाठीशी कोणताही मोठा वारसा नव्हता. या प्रश्नाचे एक उत्तर त्यांनी खेड्यांतील स्वयंपाकघरात शोधले. त्याचे नाव मुष्टिफंड. घरच्या बाईने स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळे काढून ठेवायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहातील मुलांसाठी द्यायचे, एवढीच ती योजना. जोंधळ्याची एक मूठ कमी झाली म्हणून कोणाच्या घरात कोणी उपाशी राहत नाही. घरच्या माणसांना तर ती गेल्याचे कळतही नाही.

वाचकहो, जरा हिशेब करून पाहा. एक मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धान्य धरले, तर वर्षाला एका घरातून सुमारे १८ किलो धान्य निघते. शंभर घरांनी तेच केले तर सुमारे १८ क्विंटल होते. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे समजले, तरी तेवढ्यावर दहा मुले वर्षभर पोटभर जेवू शकतात. शंभर घरांपैकी एकाही घरावर भार न पडता दहा मुले शिकतात. अल्लाहच्या मार्गात केलेल्या दानाला पवित्र कुरआनने एका दाण्याची उपमा दिली आहे. त्या एका दाण्यातून सात कणसे निघतात आणि प्रत्येक कणसाला शंभर दाणे लागतात. सूरह बकरहमधील ही उपमा आपण कितीदा तरी ऐकली असेल. कृष्णाकाठच्या शेतकरी बायकांनी जोंधळ्याची मूठ वेगळी काढली, तेव्हा त्यातून काय उगवले हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

या मुठीत स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता, हेही लक्षात ठेवावे. एका हदीसचा आशय असा आहे की घरातील अन्नातून, नासधूस न करता, स्त्री जेव्हा दान करते तेव्हा तिला दिल्याचा सवाब मिळतो, तिच्या पतीला कमावल्याचा मिळतो आणि ते धान्य जपून ठेवणाऱ्यालाही मिळतो. एकाच्या मोबदल्याने दुसऱ्याचा मोबदला घटत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कातडी कमावण्याचे आणि शिवणाचे काम करीत आणि जे मिळे ते दान करीत. आपल्या घरातील ज्या भगिनी शिवणकाम करतात, पापड लाटतात किंवा शिकवण्या घेतात, त्यांच्यासाठी याहून मोठा आदर्श कोणता?

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सनातनी वळणाच्या घरातून आलेल्या होत्या. प्रारंभी सर्व जातींची मुले घरात वावरणे त्यांना जड गेले. पण पुढे त्याच त्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले की त्या आपला एकेक दागिना काढून देत. शेवटी त्यांनी मंगळसूत्रही दिले. हिंदू व जैन घरांत मंगळसूत्राचे मोल सोन्याच्या भावात मोजले जात नाही, हे आपण शेजारी म्हणून जाणतो. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेत आजही त्यांचा उल्लेख रयतमाउली असा होतो. पत्नीची संपत्ती ही शरीअतनुसार तिची स्वतःची असते, पतीचा तिच्यावर हक्क नसतो. म्हणून स्त्रीने राजीखुशीने काढून दिलेल्या दागिन्याचे मोल अधिक आहे. हजरत खदीजा (रजि.) यांनी आपली संपत्ती कशी खर्च केली, ते आठवले की हे मोल कळते.

भाऊरावांनी लोकांकडून घेतले, तसे मुलांनाही देणारे बनवले. वसतिगृहातील मुले झाडलोट करीत, स्वयंपाकात हात लावीत, शेतात खपत. कमवा आणि शिका हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्रच होते. फुकटचे अन्न माणसाची मान खाली घालते आणि घामाचे अन्न ती ताठ ठेवते, असा त्यामागचा विचार होता. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ज्याच्या घरी फी भरायला दमडी नव्हती, असा मुलगा श्रम करून पदवीपर्यंत पोहोचू लागला.

इथे तबूकच्या मोहिमेचा प्रसंग आठवतो. दानाचे आवाहन झाले तेव्हा काही सहाबांपाशी (रजि.) देण्यासारखे काहीच नव्हते. ते बाजारात गेले, पाठीवर ओझी वाहिली आणि मिळालेल्या मजुरीतून दान केले. एकाने अर्धा साअ खजूर आणून ठेवले. दांभिकांनी त्या थोड्याशा खजुरांची थट्टा केली. ज्याने भरपूर दिले त्याला दिखाऊ म्हटले आणि ज्याने थोडे दिले त्याला क्षुल्लक ठरवले. सूरह तौबामध्ये अल्लाहने त्या थट्टेखोरांना कडक शब्दांत फटकारले आहे. लहान दानाची थट्टा करणारे प्रत्येक काळात असतात. दहा रुपयांनी काय होणार, असे म्हणणारा मनुष्य बहुधा दहा रुपयेही देत नाही, हा अनुभव कोणत्याही मशिदीच्या विश्वस्तांना विचारून पाहावा.

भाऊरावांच्या जीवनातील सर्वांत कठीण परीक्षा उतारवयात आली. १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी जाहीर केला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचा मतभेद झाला आणि संस्थेचे सरकारी अनुदान थांबवण्यात आले. शेकडो शिक्षक, हजारो मुले आणि तिजोरीत खडखडाट. अशा वेळी संस्था जगली ती सामान्य माणसांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांनी काढलेल्या हालअपेष्टांवर. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. कराडला १९५४ मध्ये निघालेले महाविद्यालय गाडगे महाराजांच्याच नावाचे आहे.

आपल्या मदरशांचा इतिहास जाणणाऱ्याला यात ओळखीची खूण सापडेल. १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूमची सुरुवात झाली, ती एक उस्ताद, एक विद्यार्थी आणि डाळिंबाच्या झाडाची सावली एवढ्यावर. हाजी आबिद हुसैन रुमाल घेऊन लोकांकडून चंदा गोळा करीत होते. मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी (रह.) यांनी मदरशासाठी आठ तत्त्वे घालून दिली. त्यांत सरकार आणि धनिकांच्या खात्रीच्या उत्पन्नावर विसंबण्यापेक्षा सामान्य लोकांच्या थोड्याथोड्या चंद्यात बरकत अधिक आहे, असा विचार आहे. उत्तरेकडील अनेक मदरशांसाठी घराघरांत मूठभर पीठ वा तांदूळ बाजूला ठेवण्याची प्रथा होती. एका मोठ्या दात्याने हात आखडला की त्याच्यावर उभी असलेली संस्था कोसळते. हजार घरांच्या मुठीवर उभ्या असलेल्या संस्थेचे दहा-वीस घरांनी हात आखडल्याने काही बिघडत नाही. सातारा आणि देवबंद एकमेकांपासून कितीतरी दूर. तरी दोन्हीकडच्या थोरांना एकच गोष्ट उमगली.

१९५९ हे भाऊरावांच्या आयुष्याचे शेवटचे वर्ष ठरले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. ज्याला मॅट्रिकपर्यंतही जाता आले नाही, त्याला विद्यापीठाने आपली सर्वोच्च पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या शाळांना आणि महाविद्यालयांना शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज अशी इतरांची नावे दिली. साताऱ्यातील त्यांच्या संस्थेचे अध्यापक महाविद्यालय मौलाना आझाद यांच्या नावाचे आहे आणि विधी महाविद्यालय इस्माईलसाहेब मुल्ला यांच्या नावाचे आहे. इस्माईलसाहेब मुल्ला हे संस्थेच्या कामात भाऊरावांचे सहकारी होते. म्हणजे या वटवृक्षाला पाणी घालणाऱ्या हातांत आपलेही हात होते.

आता आपल्याकडे पाहू. रमजान आला की आपल्या मोहल्ल्यांत दानाचा पूर येतो. जकात निघते, फितरा निघतो, इफ्तारीच्या ताटांची रेलचेल होते. शव्वालचा चंद्र दिसला की पूर ओसरतो. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा विधवेच्या मुलाला वह्या नसतात आणि आठवीतला मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागतो. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नियमित असते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुष्टिफंड नेमका हाच नियम पाळत होता. आपला मोहल्ला तो पाळतो का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

इथे एक मसला स्पष्ट करणे आवश्यक आहे. जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत. बहुसंख्य उलमांच्या मते जकात गरजू मुस्लिमाच्या मालकीत द्यावी लागते. इमारत बांधण्यासाठी किंवा शिक्षकाच्या पगारासाठी ती वापरता येत नाही. गरीब विद्यार्थ्याच्या हाती दिली तर मात्र जकात अदा होते. मुठीचे दान हा नफ्ल सदका आहे आणि त्याचे क्षेत्र विशाल आहे. शाळेच्या भिंतीला, वाचनालयाच्या पुस्तकांना, शिक्षिकेच्या मानधनाला तो लावता येतो. शेजारच्या गैरमुस्लिम गरिबाच्या मुलालाही तो देता येतो. अनाथ आणि गरिबांबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची कुरआनने स्तुती केली आहे. त्या काळचे कैदी बहुधा मुस्लिम नव्हते, हे विसरू नये. भाऊरावांच्या वसतिगृहात आपल्या मुलांना जात-धर्म न विचारता जेवण मिळाले. त्या घासाची परतफेड करण्याची वेळ आता आपली आहे.

म्हणून वाचकहो, एक साधी योजना आपल्यापुढे ठेवतो. स्वयंपाकघरात एक डबा ठेवा. रोज तांदूळ शिजवताना किंवा पीठ मळताना त्यात एक मूठ टाका. ती मूठ शक्यतो घरातील लहान मुलाच्या हातून टाकवा, म्हणजे देण्याची सवय त्याच्या हाताला लागेल. धान्य नको असेल तर तेवढे पैसे टाका. महिनाअखेरीस मोहल्ल्यातील डबे एकत्र करा. जमा किती, खर्च किती, हे मशिदीच्या फलकावर लिहा, कारण हिशेब उघडा असला की लोकांचा विश्वास टिकतो. मदत घेणाऱ्या मुलांची नावे मात्र झाकून ठेवा, त्यांची अब्रू ही आपली अमानत आहे. ज्यांच्याकडे पैसा नाही, त्यांच्याकडे वेळ आहे. निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन तास शिकवावे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने शेजारच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. शिंप्याने वर्षाला एक गणवेश शिवून द्यावा. रोजच्या वापरातील साधी वस्तूही दुसऱ्याला न देणाऱ्यांना सूरह माऊनमध्ये कसे फटकारले आहे, ते नमाजमध्ये ही छोटी सूरह पढताना ध्यानात घ्यावे. आणि ज्याला मदत मिळाली, त्याने मिळवता झाल्यावर स्वतःच्या घरी तसाच डबा ठेवावा.

अल्लाह आपल्या घासात बरकत देवो, आपल्या मुठी उघड्या ठेवो, आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान देवो आणि दिलेले दान विसरून जाण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.